दाजीपूरला जाऊन ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

“दाजीपूरला दोनदा जाऊन आलो, काहीच दिसलं नाही.” कोल्हापुरात जंगलाचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्यानंही हेच सांगितलं, म्हणून मी त्याला सोबत घेऊन गेलो. दाजीपूर म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं गव्यांचं रान, आताचं राधानगरी वन्यजीव अभयारण्य. तिथल्या कच्च्या रस्त्यावर एक ओढा आडवा येतो. तिथं आमच्या वाटाड्या मामांनी गाडी थांबवायला लावली आणि ओलीतला गव्याचा एक ठसा दाखवला. दोन फाळ्यांचा खूर, माझ्या तळव्यानं जेमतेम झाकला जाईल एवढा. कडा अजून धारदार होत्या आणि तळाशी पाणी झिरपत होतं. “आत्ताच गेलाय,” मामा म्हणाले. “एकटाच हाय. मोठा नर असंल.” भाचा बराच वेळ त्या ठशापाशी उकिडवा बसून राहिला. मागच्या दोन्ही खेपांना तो याच ओढ्यातून काचा वर करून गेला होता.

जंगल बघायला नव्यानं निघालेल्या माणसाला मला हेच सांगायचं आहे. जनावर दिसायच्या आधी जनावराचं असणं ओळखायला शिका. ते जमायला लागलं की दिसणंही वाढतं, आणि एखाद्या दिवशी नाहीच दिसलं तरी दिवस रिकामा जात नाही. पुढचं सगळं मी त्याच क्रमानं लिहिलं आहे. पहिल्यांदा कोल्हापूरबाहेरून येणाऱ्यांनी क्रम मोडून थेट दाजीपूर गाठलं तरी चालेल, पण इथं राहणाऱ्यांनी घाई करू नये.

आधी जिल्हा कळू द्या

कोल्हापूर जिल्ह्याची पश्चिम बाजू म्हणजे सह्याद्रीचा माथा. शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड असे तालुके उत्तरेकडून दक्षिणेकडे त्याच्या अंगाला लागून आहेत. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शिरोळपर्यंत आलात की तोच पाऊस पाचशेच्या आसपास येतो. एका दिवसात मोटारसायकलवर ओलांडता येईल एवढ्या अंतरात सदाहरित जंगल, जांभ्याचे सडे म्हणजे उघड्या कातळाची पठारं, माळ, ऊस आणि कृष्णेचा काठ असं सगळं बदलत जातं. प्राणीही त्याप्रमाणं बदलतात. गवा, सांबर, अस्वल, शेकरू, धनेश पश्चिमेला. कोल्हा, खोकड, टिटवी, चंडोल पूर्वेच्या माळांवर. कृष्णेच्या पट्ट्यात मगर. बिबट्याला मात्र सीमा नाही, तो उसातही राहतो.

पूर्वेकडचे माळ बघताना मला नेहमी वाईट वाटतं. संस्थानी काळात कोल्हापूर दरबारी शिकवलेले चित्ते होते आणि या माळांवर त्यांच्याकडून काळविटाची शिकार व्हायची. चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. इथले माळही आता तुकड्या-तुकड्यांनी उरलेत. पडीक जमीन म्हणून ज्यांच्याकडं कुणी बघत नाही अशा त्या तुकड्यांवर एखादी सकाळ जरूर घालवा. गवत गुडघ्याएवढं असताना चंडोल उभाच्या उभा आभाळात चढत गातो. ते ऐकायला तिकीट लागत नाही.

पश्चिमेचं जंगल मात्र अजून सलग आहे, आणि त्याचं मोल त्या सलगपणातच आहे. उत्तरेला चांदोली आणि कोयना, म्हणजे २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. मध्ये विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा इथली संवर्धन राखीव क्षेत्रं, मग राधानगरी अभयारण्य. खाली आजरा-भुदरगड, चंदगड, तिलारी आणि पुढं गोवा-कर्नाटक. वाघ याच वाटेनं ये-जा करतो. राधानगरीच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांत तो आलेला आहे. तुम्हाला तो दिसणार नाही. पण तुम्ही ज्या पायवाटेवर उभे आहात ती त्याच्याही वाटेचा भाग आहे, एवढं मनात असू द्या.

सुरुवात रंकाळ्यावरून

थट्टा नाही. पहिले दहा-पंधरा दिवस सकाळी सहाला रंकाळ्यावर, कळंबा तलावावर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात जा. फिरायला जाता तेव्हा जाता तसे नाही. एका जागी अर्धा तास बसायचं आणि वहीत लिहायचं.

रंकाळ्यावर काळा, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा असलेला पाणपक्षी दिसेल. त्याला वारकरी म्हणतात, आणि एकदा तो टिळा बघितला की नाव विसरता येत नाही. काठाच्या पाणवनस्पतींत जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत चालते. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसतो. खंड्या एकाच खांबावर रोज सापडतो. हे सगळं शिकायचं ते पक्ष्यांची यादी वाढावी म्हणून नव्हे. स्थिर बसायची, डोळ्यांच्या कोपऱ्यातली हालचाल टिपायची आणि आवाजावरून दिशा काढायची सवय इथं लागते. दाजीपूरच्या गच्च झाडीत हीच सवय कामाला येते. शहरात ज्याला वीस मिनिटं मोबाइल न काढता बसता येत नाही, त्याला जंगलात बसता येणार नाही. हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ ची घ्या. यापेक्षा जास्त वाढवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि झाडीत पक्षी शोधता शोधता उडून जातो. कॅमेरा सुरुवातीला घेऊच नका, हे माझं ठाम मत आहे. कॅमेरा हातात असला की माणूस पहिल्या प्राण्याशी थांबतो आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून निघून जातं.

कुठल्या महिन्यात काय

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, साधारण जून ते ऑक्टोबर. तारखा दरवर्षी थोड्या मागंपुढं होतात, म्हणून निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. बंदच्या दिवसांत आंबा घाटाच्या परिसरात किंवा सिंधुदुर्गातल्या आंबोलीला जा. बेडूक, साप, खेकडे, गोगलगायी यांचा तो हंगाम. आंबोलीच्या सड्यावर सापडणारा वाघासारख्या पट्ट्यांचा छोटा भेक विज्ञानाला २००९ मध्ये ठाऊक झाला. पावसाच्या पहिल्या सरींनंतर तो उघड्या कातळावरच्या थिल्लरांत जमतो. इथं चालताना पाय टाकण्याआधी बॅटरीनं जमीन बघा. तुमच्या पायाखाली जगात दुसरीकडं कुठंच नसलेला जीव असू शकतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सडे फुलतात. सोनकी, सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदू. मसाई पठारावर आणि राधानगरीच्या आसपासच्या सड्यांवर हा बहर दिसतो. फुलांमागं फुलपाखरं येतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर बसलेलं सापडतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी. पहाटे दाजीपूरच्या झाडीत मलबारी कस्तुराची शीळ ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की कुणीतरी पोरगं ओढ्याकाठी शीळ घालत चाललंय.

आणि गव्यासाठी मार्च ते मे. ओढे आटतात, पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावराला तिथं यावंच लागतं. उन्हाचा त्रास आहे, हिरवाई कमी आहे, पण करवंद आणि जांभळाचे हेच दिवस. नवख्यानं पहिली फेरी एप्रिलमध्ये करावी असं मी सांगेन.

दाजीपूरचा पहिला दिवस

थोडं त्या जागेबद्दल. हे रान पूर्वी कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं. १९५८ मध्ये ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून राखलं गेलं. महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचाही भाग आहे. एका बाजूला शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला दूधगंगेवरचं काळम्मावाडीचं. या दोन पाण्यांमधलं आणि वरचं रान म्हणजे गव्यांचं घर.

कोल्हापूरहून राधानगरी ५० ते ५५ किलोमीटर, दाजीपूर सुमारे ८०. फोंडा घाटातून कोकणात जाणारी एसटी याच रस्त्यानं जाते. पण पहाटे आत शिरायचं असेल तर आदल्या रात्री राधानगरी किंवा दाजीपूरलाच मुक्काम करा. गावांत घरगुती राहण्याची सोय होते. रात्रीच्या जेवणात भाकरी-पिठलं आणि ठेचा मिळाला की दुसऱ्या दिवशीच्या डब्याचंही तिथंच सांगून ठेवा, कारण आत काहीही मिळत नाही.

नाक्यावर नोंद करून प्रवेश शुल्क भरायचं. आतला रस्ता कच्चा आणि चढउताराचा आहे, खाली टेकणारी कार नेऊ नका. स्थानिक जीपगाडी आणि स्थानिक वाटाड्या घ्या. यात पैसे वाचवू नका, असं मी हात जोडून सांगतो. या गावांनी जंगलासाठी बरंच सोसलं आहे. पिकं जातात, जनावरं जातात. जंगलातून त्यांच्या घरी चार पैसे आले तर जंगल टिकण्याची शक्यता वाढते. आणि तुमच्या स्वार्थाचं म्हणाल तर, वाटाड्याला जे दिसतं ते तुम्हाला पहिली पाच वर्षं दिसणार नाही.

कपडे मातकट, पाचोळ्याच्या रंगाचे. पांढरा आणि भडक रंग टाळा. अत्तर, सेंट लावू नका, गव्याचं नाक फार तिखट असतं. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, घोट्यावर येणारे बूट. पाणी माणशी तीन लिटर. गोचिडींसाठी पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडींमुळं पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. दक्षिणेकडच्या जंगलांत फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आठवणीनं सांगा.

चिखल, झाड आणि विष्ठा

आता खरा धडा. आत गेल्यावर मान वर करून जनावर शोधू नका, खाली बघा.

गव्याचा खूर वर सांगितला. म्हशीचा आणि गव्याचा ठसा सुरुवातीला सारखाच वाटतो, पण गावापासून खोल आत, पाण्याच्या उतारावर दिसला तर तो गव्याचा धरा. आजूबाजूला शेणाचे पो पडलेले असतात. काडीनं उकरून बघा. वरून वाळलेलं आणि आत ओलं हिरवं असेल तर जनावर लांब गेलेलं नाही. कारवीची आणि बांबूची शेंडे खुडलेली टोकं बघा, तुटलेल्या जागी रस ओला आहे का ते बोटानं तपासा. मामा हे सगळं चालता चालता करतात. त्यांना कळपाचा वास येतो, गोठ्यासारखा, पण थोडा तेलकट. मलाही तो आता ओळखता येतो. त्याला बरीच वर्षं गेली.

बिबट्याचा पंजा ओळखायला सोपा, फक्त कुत्र्याशी गल्लत होते. चार बोटं दोघांचीही उमटतात. कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं दिसतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो म्हणून त्याच्या ठशात नखं नसतात आणि ठसा गोलसर असतो. रस्त्याच्या मधोमध केसांनी भरलेली, दोन्हीकडं निमुळती विष्ठा दिसली तर तीही बहुधा त्याचीच. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी करवतीनं ओंडका कापल्यासारखा आवाज आला तर दचकू नका, तो बिबट्या आपली हद्द सांगत असतो.

वारूळ खणून मोकळं केलेलं, मातीचे ढेकूळ बाहेर फेकलेले, की अस्वल. जांभळाच्या दिवसांत त्याच्या विष्ठेत बियाच बिया असतात. झाडाच्या खोडावर उभे ओरखडे आणि वर मधाचं पोळं असेल तर त्या झाडाखाली थांबू नका.

कातळावर वाळलेली, खेकड्याच्या कवचांची आणि माशांच्या खवल्यांची विष्ठा पाणमांजराची. काळा-पांढरा काटा साळिंदराचा. रस्ते जिथं फुटतात त्या तिठ्यावर एकाच जागी खूप विष्ठा पडलेली आणि तिच्यात केस, म्हणजे कोळसुंद्यांची टोळी त्या भागात आहे. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा, तांबूस अंगाचा, झुबकेदार काळ्या शेपटीचा. ते भुंकण्यापेक्षा शीळ घालून एकमेकांना बोलावतात.

शेकरूसाठी मात्र मान वर करावी लागते. आपला राज्यप्राणी. उंच झाडांच्या फांद्या जिथं एकमेकांत मिसळतात तिथं तो राहतो आणि जमिनीवर सहसा उतरत नाही. फांदीच्या टोकाशी काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. एकाच शेकरूची अशी तीन-चार घरटी असतात, त्यामुळं एका घरट्याखाली ताटकळत बसून उपयोग नसतो. खडखड असा मोठा आवाज झाला आणि वरून अर्धवट कुरतडलेलं फळ पडलं की थांबा, हलू नका. तांबूस अंग आणि झुलती लांब शेपटी या फांदीवरून त्या फांदीवर जाताना दिसेल. लहान मुलांना सोबत नेलं असेल तर जंगलाची ओढ लावायला यासारखा दुसरा प्राणी नाही.

कान कधीच मिटू नका. भेकराचं भुंकणं कुत्र्यासारखं असतं, सांबराचा इशारा एकच मोठा ठोका, वानर उंचावरून खाकरतं. तिघांपैकी एकाचा आवाज आला तर ऐका, दोघांचा आला तर तिथंच थांबा. कुठलातरी शिकारी चालतो आहे आणि हे सगळे जण त्याची वाट तुम्हाला आवाजानं दाखवत आहेत.

पाण्याकाठी बसणं

सावराई सड्याकडं आणि वाघाचे पाणी या भागाकडं जाणाऱ्या वाटा बहुतेक वाटाडे दाखवतात. सगळ्या जागा एका दिवसात उरकायच्या मागं लागू नका. एक पाणवठा निवडा, वाऱ्याची दिशा बघा (थोडी कोरडी माती चिमटीतून सोडली की कळते), वारा पाण्याकडून तुमच्याकडं येत असेल अशा जागी बसा, आणि दोन-तीन तास तिथंच राहा. ही मुभा कुठं आणि किती वेळ आहे ते वनरक्षकांना विचारूनच.

भाच्याला घेऊन गेलो त्या दिवशी आम्ही दुपारी तीनपासून बसलो होतो. पहिला तास फुलपाखरं. मग एक रानकोंबडा पाचोळा उकरत आला, पाणी प्यायला, प्रत्येक घोटाला मान वर करून. मग बराच वेळ काहीच नाही. साडेपाचच्या सुमारास पलीकडच्या काठावरची सावली जराशी जाड झाली. मला आधी वाटलं डोळे शिणलेत. मग त्या सावलीखाली चार पांढरे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पायमोजे घातल्यासारखे. एक वयस्क गाय होती. ती बाहेर आली नाही, नुसती उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाकपुड्या हलत होत्या. कानाला माश्या लागत होत्या तेवढीच काय ती हालचाल. मग तिनं एक पाऊल टाकलं आणि तिच्या मागं सगळं रान हललं. तपकिरी माद्या, त्यांच्या पायांत घोटाळणारी दोन वासरं, शेवटी काळा कुळकुळीत नर, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा चढलेला. मी अकरा मोजले. पाणी पिण्याचा आवाज एवढ्या लांबून ऐकू येत होता. भाच्यानं माझा दंड धरून ठेवला होता तो ते परत झाडीत गेल्यावरच सोडला.

नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. एवढं मोठं जनावर पाचोळ्यावर पाय टाकतं आणि आवाज येत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजतो. स्वयंसेवक घेत असतील तेव्हा नाव द्या. रात्रभर जागून, न बोलता, चांदण्यात बसणं ही मोठी शिकवणी आहे.

समोरासमोर आलं तर

गवा स्वभावानं लाजरा. तो समोर आला की आधी फुत्कारतो, मान उंचावून बघतो. अंगाची पूर्ण बाजू तुमच्याकडं करून उभा राहिला तर तो आपलं आकारमान दाखवतो आहे. ही सूचना समजा. पाठ न फिरवता हळूहळू मागं सरा, मधे एखादं जाड झाड ठेवा, त्याची पळायची वाट मोकळी सोडा. एकट्या नराला आणि वासरू असलेल्या गाईला जास्त जागा द्या.

२०२१ च्या डिसेंबरात गवे पंचगंगेच्या बाजूनं थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते. बघायला गर्दी जमली, आरडाओरडा झाला, व्हिडिओ निघाले, आणि शहराजवळ एका तरुणाचा जीव गेला. मला ही गोष्ट विसरता येत नाही. घाबरलेला, कोंडलेला गवा वाट मिळेल तिकडं धावतो. गावात गवा आला असं कळलं तर बघायला जाऊ नका, इतरांनाही अडवा, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

बिबट्या दिसला तर पळू नका, खाली वाकू नका, लहान मुलाला उचलून घ्या, मोठ्यानं बोलत मागं सरा. अस्वलाची गोष्ट वेगळी. ते अचानक समोर आलं तरच अंगावर येतं, म्हणून वळणांवर आणि दाट कारवीत आपसांत थोडं बोलत चाला.

सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार जातींसाठीच आपल्याकडचं प्रतिसर्पविष चालतं. सड्यावरच्या दगडांत फुरसं असतं, दगड हातानं उलटू नका. झाडीत हिरवा चापडा फांदीला विळखा घालून दिवसभर निपचित बसतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी बघा. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठ्या, कडं काढा, तो अवयव न हलवता जवळचं सरकारी रुग्णालय गाठा, आणि १०८ ला फोन लावा.

हत्ती बघायला जाऊ नका

चंदगड आणि आजऱ्यात हत्ती आहेत. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून ते या बाजूला उतरू लागले आणि काही इथंच रुळले. भात, ऊस, नाचणी, केळी, काजू यांत ते शिरतात. ज्याची वर्षाची कमाई एका रात्रीत तुडवली जाते त्याच्या बांधावर उभं राहून फोटो काढणं मला पटत नाही, आणि ते धोक्याचंही आहे. तिकडं जायचं झालं तर पावसाळ्यानंतर पक्ष्यांसाठी, देवरायांसाठी जा, संध्याकाळच्या आत मुख्य रस्त्यावर या, आणि गावकरी ‘आज पुढं जाऊ नका’ म्हणाले तर वाद न घालता गाडी वळवा.

नोंद आणि फोटो

वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, काय दिसलं, काय करत होतं एवढं लिहा. पक्ष्यांसाठी ईबर्ड आणि बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट ही दोन्ही ॲप चांगली आहेत. एखादा कोळी किंवा चतुर ओळखता आला नाही तर फोटो टाका, जाणकार मदत करतात.

एक गोष्ट मात्र पाळाच. खवल्या मांजर, पाणमांजर, लाजवंती (मोठ्या डोळ्यांचं, माकडाच्या कुळातलं छोटं निशाचर जनावर), धनेशाची ढोली यांची जागा कुणालाही सांगू नका, समाजमाध्यमावर तर नाहीच. खवल्यांसाठी खवल्या मांजराची तस्करी होते. धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत अंड्यांवर बसते, नर तिला बारीक फटीतून भरवतो. खाली माणसांची वर्दळ झाली की तो येईनासा होतो आणि आतली उपाशी राहतात. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावणंही विणीच्या काळात असाच त्रास देतं. माकडांना काही देऊ नका, आंबा घाटात गाड्यांच्या मागं धावणारी माकडं आपणच तशी केली आहेत.

परत निघताना

अंधार पडल्यावर फोंडा, आंबा, करूळ, भुईबावडा यांपैकी कुठल्याही घाटात गाडी ३०-४० च्या वर नेऊ नका. रात्री रस्त्यावर उदमांजरं, साळिंदर, ससे, साप, बेडूक येतात आणि चाकाखाली जातात. वळणावर दोन हिरवट डोळे चमकले तर दिवा खाली करा आणि थांबा. जाऊ द्या त्याला.

आणि राधानगरीत चहाला थांबाल तेव्हा मोबाइलला रेंज येईल, एकामागून एक मेसेज वाजायला लागतील. त्याआधी, आतल्या रस्त्यावर असतानाच, वही उघडून दिवसभराचं लिहून काढा. भाच्यानं त्या दिवशी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं होतं. पहिल्या ओळीत गवा नव्हता. ‘ओढा, सकाळी ७.१०. एक खूर. पाणी अजून झिरपत होतं.’